पस्तिशीत तालमीत जायचं म्हणताय?

कोल्हापुरात "मी तालमीत जातो" असं सांगितलं की समोरचा आधी तुमच्या कानांकडं बघतो आणि मग पोटाकडं. माझे कान शाबूत आहेत आणि पोटही जागेवर आहे. त्यामुळं बहुतेकांना वाटतं, हा गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या फाडायला जात असणार. मी पतसंस्थेत हिशेब बघतो. चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा लंगोट बांधला, त्याला आता पाच वर्षं झाली. पैलवान झालो नाही, होणारही नाही. हे लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी. ज्यांना मैदान मारायचं नाही, पण अंगात आणि डोक्यात काहीतरी साचलंय ते हलवायचं आहे, आणि ज्यांचं जिमचं वर्षाचं पॅकेज एकदा तरी फुकट गेलंय. दहा वर्षांच्या पोराला तालमीत घालायचं असेल तर तो विषय निराळा, त्याचं वस्तादांशीच बोला.

तालीम शोधताना

पेठेपेठेत तालमीची पाटी दिसते, पण पाटीवर जाऊ नका. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही तालीम मंडळं आज गावाला माहीत आहेत ती फुटबॉलमुळं. शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला की अर्धं शहर तिकडं आणि उरलेलं मोबाइलवर. नावात तालीम आहे म्हणजे आत हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा, असेलच असं नाही. काही ठिकाणी हौद्यावर फरशी पडून हॉल झालाय, काही ठिकाणी मंडपाचे बांबू ठेवलेत.

जिवंत तालीम नाकाला कळते. दारातच ओली माती, तेल आणि कापूर यांचा मिसळलेला वास येतो. आत गेलात की हौद्याच्या कडेला बसून मातीत बोट घाला. बोट सहज गेलं तर समजा सकाळीच उकरलीय. फरशीसारखी कडक लागली तर तिथं कुस्ती फक्त भिंतीवरच्या फोटोंत उरलीय. फोटो मात्र सगळीकडं असतात. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे असतात, जकार्ताच्या १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलेले गणपतराव आंदळकर असतात.

गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही मोठी नावं. तिथं राज्यभरातून पोरं येऊन राहतात, हातानं स्वयंपाक करून खातात आणि त्यांच्यामागं घरच्यांनी पैसा लावलेला असतो. बघायला जरूर जा, हात जोडून कोपऱ्यात बसा. पण संध्याकाळी साडेसहाला ऑफिस सुटल्यावर तिथं उतरून त्या पोरांच्या सरावात लुडबूड करण्यात अर्थ नाही. आपल्याला पेठेतली लहान तालीम बरी, जिथं वस्तादांना आपल्यासाठी दहा मिनिटं मिळतात.

माती की मॅट हाही प्रश्न येतो. स्पर्धा खेळायच्या असतील तर मॅटला पर्याय नाही. खाशाबा जाधव इथल्याच राजाराम कॉलेजचे. मातीत वाढलेला हा गडी १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर सहावा आला आणि चार वर्षांनी हेलसिंकीत त्यानं ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. पण आपण ऑलिंपिकला निघालेलो नाही. मॅटवर पडलं की उठून लगेच उभं राहता येतं. मातीत पडलं की नाकातोंडात माती जाते, डोळे मिटतात, क्षणभर काही सुचत नाही. मला विचाराल तर त्या क्षणासाठीच मातीत जायचं.

बायकांसाठी सरळ सांगतो, जुन्या तालमींच्या हौद्यात अजून बायकांना उतरू देत नाहीत. मला ते पटत नाही, पण तुम्ही दारातून परत येण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं. जिल्ह्यात मुलींचा सराव मॅटवर जोरात चालतो, मुरगूडला तर नक्कीच. दुसरी वाट मर्दानी खेळांची: लाठी, फरी-गदका (ढाल आणि काठी), दांडपट्टा. तिथं मुली, बायका, मोठ्या वयाची माणसं सगळी असतात. दांडपट्ट्याला २०२४ साली महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला. पट्ट्याच्या मुठीत हात कोपरापर्यंत लोखंडात जातो, मनगट वळतच नाही, म्हणून घाव खांद्यातून, कमरेतून, पावलातून काढावा लागतो. ज्यांना अंगाला अंग भिडवायचं नाही त्यांनी हा रस्ता धरावा.

आणि आत पाऊल टाकण्याआधी एकदा खासबागेत मैदान बघा. शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम पाहिलं होतं, ते डोक्यात ठेवून हे बांधलं असं सांगतात. १९१२ साली ते सुरू झालं. मधोमध हौदा आणि भोवती वाटीसारखा चढत गेलेला उतार, त्यामुळं शेवटच्या माणसालाही डाव दिसतो. जिंकलेल्याकडं सगळे बघतात. तुम्ही हरलेल्याकडं बघा. तो पाठीवरची माती न झाडता आधी समोरच्याच्या हाताला हात लावतो, मग वस्तादांच्या पायाला, आणि मग कुठं टॉवेल शोधतो.

पहिला दिवस

नारळ, हार, उदबत्तीचा पुडा. एवढंच न्या, पाकीट नको. पैशाचं वस्तादांना नंतर एकांतात विचारा. माती, तेल, लाइटबिल यांचा खर्च असतोच आणि बहुतेक ठिकाणी ठरलेली वर्गणी असते. चपला उंबऱ्याबाहेर. मारुतीला नमस्कार. मग हौद्याच्या काठावरून वाकून उजव्या हातानं माती कपाळाला लावायची आणि त्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. वस्तादांना "वस्ताद" म्हणायचं, "सर" नाही. तिथला अठरा वर्षांचा पठ्ठा तुमच्या आधीपासून मातीत असेल तर त्याला "पैलवान" म्हणा. तोंडाला जड जातं, पण म्हणा.

मला वस्तादांनी पहिल्या दिवशी विचारलं, "काय करतोस?"

"पतसंस्थेत आहे. हिशेब."

"मग मोजता येतंय न्हवं? वीस जोर मार."

सात झाले. आठव्याला छाती मातीला टेकली ती तिथंच राहिली. कोणी हसलं नाही, हे मला फार लागलं. हसले असते तर बरं झालं असतं.

लंगोट शिवलेलाच घ्या. महाद्वार रोडला फिरलात तर मिळेल. बांधायला तालमीतल्याच कुणाला तरी दाखवायला सांगा, व्हिडिओ बघून येत नाही. नाडी कमरेच्या हाडाच्या वर गेली तर जोर मारताना पोटात रुतते, खाली राहिली तर बैठकेत सुटते. दोन्ही अनुभव माझ्याकडं आहेत. सोबत स्वतःचा टॉवेल, पाण्याची बाटली आणि नखं कापलेली. अंगठी, करदोटा, गळ्यातलं सगळं घरी.

माती उकरायची

पहिले पंधरा दिवस तुम्हाला कुस्ती मिळणार नाही, खोरं मिळेल. नव्या माणसाला राबवून घेतात असं वाटतं, मलाही वाटलं होतं. तांबडी माती चाळून हौद्यात भरलेली असते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं वेळोवेळी मुरवतात, म्हणजे ती धरून राहते, धूळ उडत नाही आणि खरचटलं तर जखम चिघळण्याचा धोका थोडा कमी होतो असं मानतात. रोजच्या लढतींनी ती दबते. मग तिला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उकरायची, ढेकळं हातानं फोडायची, खडा लागला तर बाहेर टाकायचा आणि शेवटी जाड फळीवर एकाला बसवून ती फळी दोरीनं ओढत माती सपाट करायची.

हे सगळं करताना पाठ, मांड्या, पोट, पकड सगळं कामाला लागतं. शिवाय आज तुम्ही खडा काढला नाही तर उद्या तो कुणाच्या तरी गुडघ्यात शिरणार असतो. एकदा मी घाईत कोपरा सोडला. दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यात मला आपटलं. योगायोग असेल. वस्ताद गालात हसले ते मात्र योगायोगानं नव्हतं.

जोर, बैठका आणि आकडा

जोर म्हणजे नुसतं पुशअप नव्हे. कंबर वर, हात पुढं, मग छाती दोन हातांच्या मधून जमिनीलगत सरकत पुढं न्यायची आणि साप फणा काढतो तशी वर उचलायची, तिथून कंबर परत मागं. खाली जाताना श्वास आत, उठताना बाहेर. बैठकेत हातांचा झोका घेत पूर्ण खाली बसायचं आणि त्याच झोक्यात उठायचं. दोन्ही जोडले की सपाट्या, पण त्या दोन महिन्यांनी.

सुरुवातीला दहा जोरांचे दोन फेरे, वीस बैठकांचे दोन फेरे. दर आठवड्याला पाच-पाच वाढवा, त्याहून जास्त नाही. शेजारी पोरगं पाचशे बैठका मारत असलं तरी नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या थरथरणार, ते चालतं. पण अतिउत्साहात खूप बैठका मारल्या, स्नायू सुजून दगड झाले आणि लघवी चहासारखी तपकिरी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्नायू फाटून त्यातला भाग रक्तात उतरतो आणि किडनीवर ताण येतो. जिममध्ये आणि तालमीत बहुतेकदा नवखी माणसं यात सापडतात. रक्तदाब, हर्निया, मानेचा किंवा गुडघ्याचा जुना त्रास असेल तर सुरुवात करण्याआधीच तपासणी करून घ्या.

आता मूळ मुद्दा. आमच्याकडं नियम आहे: आकडा मनात नाही, तोंडानं मोजायचा, आणि चुकला तर पहिल्यापासून. ऐकायला पोरखेळ वाटतो. पहिल्या महिन्यात मी एकदाही सलग चाळीस मोजू शकलो नाही. तेवीस, चोवीस, आणि पुन्हा तेवीस. हिशेबाचा माणूस! मधे कुठं गेलो होतो ते शोधलं की सापडायचं: एका कर्जदाराचं थकलेलं खातं, साहेबांचं बोलणं, धाकट्या भावाशी वाटणीवरून झालेला वाद. भावाचा वाद सगळ्यात जास्त वेळा. अंग जोर मारत होतं आणि मी आत बसून कधीच संपलेलं भांडण पुन्हा भांडत होतो.

ध्यानाच्या शिबिरातही मन भटकलं की परत आणा असं सांगतात. पण तिथं भटकल्याची किंमत काही नसते. इथं भटकलात तर पस्तीस बैठका वाया जातात आणि मांड्या त्याची जाणीव करून देतात. समर्थ रामदासांनी गावोगाव मारुती बसवले, त्यातले दोन आपल्याच जिल्ह्यात आहेत, पारगाव आणि मनपाडळे. त्या मारुतीला बलोपासनेचं दैवत म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकत होतो. बळ ठीक, पण त्यात उपासना कुठली, हे मला या आकड्यांनी सांगितलं. नवख्याला माझा सल्ला असा की पहिले तीन महिने डाव शिकायची घाई करू नका, मोजायला शिका. कुठल्या आकड्याला चुकता आणि तेव्हा डोक्यात काय होतं, ते घरी येऊन वहीत एका ओळीत लिहा. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात "भाऊ" सतरा वेळा आहे.

पडायचं कसं

खडाखडीत हातात हात गुंतवून समोरच्याचा तोल बघायचा, मग कब्जा घ्यायचा, पट काढायचा, म्हणजे पाय धरून पाडायचं. ढाक, घिस्सा, मोळी, कलाजंग ही डावांची नावं ऐकून हुरळून जायला होतं. तुम्हाला आधी शिकायचंय ते त्यांच्याखाली येणं. हनुवटी छातीला चिकटवा, दात मिटा, जीभ आत. पाठीवर पडताना श्वास सोडा. आणि हात सरळ करून मातीला टेकवू नका.

हे शेवटचं मला शंभरदा सांगितलं होतं. चौथ्या महिन्यात राधानगरीकडच्या एका पंधरा वर्षांच्या पोराशी माझी जोड लावली. त्यानं खाली बसून माझा एकेरी पट धरला, पाय कोपराच्या वळीत अडकवला, डोकं बरगडीला टेकवून उचललं. मला कळत होतं की मी पडतोय. कडेला तिघं-चौघं बघत होते. मी हात टेकवला. मनगटात आवाज झाला तो मला ऐकू आला, त्यालाही. सहा आठवडे प्लास्टर.

वस्ताद भेटायला घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "पोरगं पाडतंय म्हणून हात लावलास. मोठा पैलवान असता तर गप पडला असतास."

बायको म्हणाली, "आता बास करा." वस्ताद म्हणाले, "उद्यापासून काठावर येऊन बस."

सहा आठवडे मी काठावर बसून दुसऱ्यांचे जोर मोजले. नवीन येणारा प्रत्येक जण हात टेकवायचा. टेकवायचा थांबला की त्यानंतर आठवडाभरात त्याचा चेहरा सैल पडायचा, बोलणं कमी व्हायचं. मी हे नोंदवून ठेवलं, कारण नोंदवणं हेच मला येतं. प्लास्टर निघाल्यावर त्याच पोरानं मूठभर माती घेऊन माझ्या खांद्याला चोळली. घामानं निसटू नये म्हणून चोळतात, तीच लढायची परवानगीही असते. त्यानं मला परत पाडलं, सात-आठ वेळा. आठव्यांदा पडताना मी श्वास सोडला. त्या रात्री भावाला फोन केला. वाटणीचं काही बोललो नाही, त्याच्या म्हशीचं विचारलं.

सरावात दुखलं तर "सोड" म्हणा, मोठ्यानं. लाज नाही त्यात. समोरचा म्हणाला तर तत्क्षणी सोडा.

बाकीचं भराभर

खुराकाच्या नादी लागू नका. वाटलेले बदाम, तूप, मटण हे दिवसाला हजार-दोन हजार बैठका मारणाऱ्याचं खाणं. खुर्चीत बसणाऱ्यानं ते खाल्लं की तांबडा-पांढरा रस्सा थेट कमरेला लागतो. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिण्याची गंमत आहे, पण डॉक्टर कच्चं दूध नको म्हणतात आणि ते बरोबर आहेत. घरी आणून तापवून प्या. कुणी पावडर किंवा इंजेक्शन सुचवलं तर त्या माणसापासून चार हात लांब.

कातडीचे रोग तालमीत लवकर पसरतात, गजकर्ण विशेषतः. घरी पोचल्या पोचल्या साबण लावून अंघोळ, टॉवेल दुसऱ्याचा वापरायचा नाही, उघडी जखम असेल तर मातीत उतरायचं नाही. हळदीच्या भरवशावर राहू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर पुन्हा घ्या. कान घासून फुगला, गरम लागला तर डॉक्टरकडून आतलं साकळलेलं रक्त वेळेत काढून घ्या, नाहीतर कानाची कायमची गाठ होते. पोरांना ती मिरवायची असते. आपल्याला कर्ज समितीच्या बैठकीत बसायचं असतं.

"लंगोटाचा पक्का", म्हणजे ब्रह्मचर्य पाळणारा, हा शब्द ऐकाल आणि संसारी माणूस म्हणून बिचकाल. मी वस्तादांना घाबरत विचारलं होतं. ते म्हणाले, "रात्री मोबाइल किती वाजता ठेवतोस ते सांग आधी." साडेबारा, मी म्हणालो. "दहाला ठेव. मग पुढचं बोलू." पुढचं अजून बोलणं झालेलं नाही, कारण दहा वाजता मोबाइल ठेवणंच जमायला वर्ष गेलं.

तालमीत मारुतीच्या कोनाड्यासमोर मोहरमला पंजे बसतात हे बघून बाहेरगावच्या माणसाला नवल वाटतं. पेठेतल्यांना नाही वाटत, त्यांच्या आज्यापासून ते चालत आलंय. गणपती आणि मोहरम एका वेळी आले तर दोघांची जागा ठरलेली असते. हे तालमीचं मोठेपण. आणि दुसरी बाजूही आहे. निवडणूक आली की हौद्याच्या भिंतीवर एखाद्या उमेदवाराचा फ्लेक्स चढतो, रात्री बैठका वेगळ्याच अर्थानं होतात आणि पोरांना मोटारसायकली घेऊन फेरीला बोलावतात. मला एकदा "तू हिशेब ठेव" म्हणून ओढायचा प्रयत्न झाला. नाही म्हटलं, महिनाभर काही जण बोलले नाहीत. तुम्हीही पहिल्याच महिन्यात सांगून टाका की मी मातीपुरता येतो.

जत्रेतली कुस्ती

वर्षभरानं वस्ताद विचारतील, "जत्रेला येतोस काय?" जा. हजारांच्या इनामाच्या कुस्त्या शेवटी असतात, सुरुवातीला पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या आणि त्यांच्यामध्ये कुठंतरी तुमच्यासारखा एखादा. मी शाहूवाडीकडच्या एका गावात उतरलो. हलगी वाजत होती, समोर ट्रॅक्टर चालवणारा माझ्याच वयाचा माणूस. सलामी झाली, शड्डू ठोकला, आणि पुढचं मला नीट आठवत नाही, आभाळ आठवतं. मिनिटभर टिकलो असेन. खांदे टेकले तेव्हा हात छातीशी होते. त्यानंच ओढून उठवलं, पाठीवरची माती झाडली आणि दोघांना मिळून एक नारळ मिळाला. तो तिथंच फोडला.

घरी आल्यावर लंगोट आणि बनियन वेगळ्या बादलीत गार पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी माती तळाला बसलेली असते, ती मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. झाडाच्या बुंध्यात ओता. ऑफिसच्या पांढऱ्या शर्टांबरोबर मशीनला तर अजिबात लावू नका. तांबड्या मातीचा डाग निघत नाही.